इंग्रज ज्यांना चाचा म्हणायचे, त्या कान्होजी आंग्रेंना समजून घ्यायचं तर आधी कोकणचा किनारा समजून घ्यावा लागतो

अकोला जिल्ह्यातलं बार्शीटाकळी. कालंका देवीच्या जुन्या हेमाडपंती देवळाचं गाव, आजूबाजूला काळी कसदार जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. इथल्या माणसाला समुद्र बघायचा झाला तर जवळपास अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. सह्याद्रीचा घाट उतरला की मातीचा रंग बदलतो, काळीची तांबडी होते. हवा चिकट लागायला लागते. कापसाच्या जागी भाताची खाचरं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात.

अशाच एका वाटेनं अलिबागला पोहोचलात की किनाऱ्यावरून समोर पाण्यात एक किल्ला दिसतो. भरतीला त्याच्या चारही बाजूंनी पाणी असतं. ओहोटी लागली की तिथं चालत जाता येतं. पर्यटक जातात, फोटो काढतात आणि पाणी चढायच्या आत परत फिरतात.

हा कुलाबा किल्ला. साधारण 300 वर्षांपूर्वी याच किल्ल्यात बसून एक माणूस इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिन्ही दर्यावर्दी सत्तांना पुरून उरला. त्याचं नाव कान्होजी आंग्रे. मराठ्यांच्या कागदांत ते सरखेल आहेत, म्हणजे आरमाराचे प्रमुख. इंग्रजांच्या कागदांत मात्र ते चाचा आहेत, म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर.

एकाच माणसाची ही दोन नावं कशी पडली?

आधी किनारा बघू

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तेच कोकण. डोंगर इतका जवळ असल्यामुळे इथल्या नद्या लांबीला छोट्या, पण पावसाळ्यात जोरात वाहणाऱ्या. समुद्राला मिळताना त्या रुंद होतात, भरतीचं खारं पाणी आत शिरतं आणि खाडी तयार होते. रेवदंडा, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही सगळी ठिकाणं अशा खाड्यांच्या तोंडाशी आहेत.

खाडी म्हणजे जहाजांसाठी नैसर्गिक आडोसा. पण ती उथळ असते, गाळ असतो, खडक असतात. कुठून वळायचं आणि कुठल्या वेळी आत शिरायचं हे तिथल्या तांडेलालाच माहीत. खोल बुडाच्या मोठ्या युरोपीय जहाजाला तिथं शिरणं म्हणजे रुतून बसायची भीती.

दुसरी गोष्ट पावसाची. जूनमध्ये मान्सून आला की समुद्र खवळतो आणि शिडाची जहाजं बंद होतात. नावा किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच पुन्हा पाण्यात उतरायचं. कोळ्यांची ही पद्धत आजही चालू आहे. म्हणजे समुद्रावरचं युद्धही ऋतू बघूनच करावं लागायचं.

तिसरी गोष्ट माणसांची. कोळी, भंडारी, आगरी, गाबीत, खारवी, दालदी मुसलमान. कुणी मासे मारणारे, कुणी मिठागरं पिकवणारे, कुणी माडी काढणारे, कुणी जहाज हाकणारे. खारं पाणी अडवायला बांध घालून समुद्राकडून भातशेती मिळवणारेही हेच लोक. आरमार उभं राहिलं ते यांच्या जोरावर.

सुवर्णदुर्गावरचा पोरगा

आंग्रे घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडलं असं सांगितलं जातं. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचा जन्म साधारण 1669 चा मानतात. म्हणजे मराठी आरमार आणि हा मुलगा जवळपास बरोबरीनंच मोठे झाले.

1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला निघून गेले आणि कोकणची किनारपट्टी उघडी पडली. जंजिऱ्याचा सिद्दी तेव्हा मुघलांच्या बाजूनं होता आणि एकेक ठाणं गिळत होता.

याच धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार किल्ला सिद्दीच्या हवाली करायला निघाला होता. तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला ताब्यात घेतला आणि शेवटपर्यंत लढवला, अशी कथा सांगितली जाते. त्यातले तपशील वेगवेगळे मिळतात. पण सुवर्णदुर्ग मराठ्यांकडेच राहिला आणि कान्होजींचं नाव झालं, एवढं खरं.

1698 मध्ये आरमारप्रमुख सिदोजी गुजर वारले. त्यांच्या जागी कान्होजी आले आणि सरखेल हा किताब त्यांच्या नावापुढे कायमचा लागला. मुक्काम ठरला कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलेलं आणि संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालेलं हे बांधकाम मुंबईच्या इंग्रजांपासून अगदी हाकेच्या अंतरावर होतं.

दस्तक म्हणजे नेमकं काय?

कान्होजींचा नियम साधा होता. आपल्या किनाऱ्यासमोरून व्यापारी जहाज जाणार असेल तर सरखेलांकडून परवाना घ्यायचा. या परवान्याला दस्तक म्हणायचे. दस्तक असेल तर जहाजाला संरक्षण. नसेल तर जहाज पकडलं जाणार.

आता तुम्ही म्हणाल, ही तर खंडणीच झाली. पण मग थोडं मागं जावं लागेल. पोर्तुगीज 16 व्या शतकापासून नेमकं हेच करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे. तो नसलेली हिंदी जहाजं ते लुटायचे, बुडवायचे. इंग्रजही आपले पास देत होते. म्हणजे समुद्रावर परवाना लागतो हे सगळ्यांनाच मान्य होतं. प्रश्न एवढाच होता की परवाना द्यायचा अधिकार कुणाचा?

कान्होजींचं म्हणणं होतं, ज्याचा किनारा त्याचा अधिकार. आणि छत्रपतींचा सरखेल म्हणून ते हे करत होते.

इंग्रजांची अडचण वेगळी होती. कंपनीच्या जहाजांना कान्होजी काही अंशी सवलत द्यायला तयार असायचे. पण मुंबईचे इतर व्यापारी, हिंदी सावकार, कंपनीचे नोकर स्वतःच्या खाजगी व्यापाराचा माल इंग्रजी निशाणाखाली फिरवायचे. कान्होजी म्हणायचे, झेंडा इंग्रजांचा असला तरी माल कुणाचा ते आम्ही बघणार. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथंच होतं.

त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला

हा काळ जगाच्या इतिहासात समुद्री चाच्यांचा सुवर्णकाळ म्हणून ओळखला जातो. सिनेमांत दिसणारे कॅरिबियन समुद्रातले चाचे ते याच वेळचे. तिथंही भूगोल असाच होता. बेटं, उथळ पाणी, लपायला खाड्या आणि समोरून जाणारी मालानं भरलेली जहाजं.

तिथं इंग्रजांचं वागणं कसं होतं? हेन्री मॉर्गन नावाच्या माणसानं 1671 मध्ये स्पेनच्या ताब्यातलं पनामा शहर लुटलं. इंग्लंडच्या राजानं पुढे त्याला सर ही पदवी दिली आणि जमैका बेटाचा उपगव्हर्नर केलं. लूट स्पेनची होती, म्हणून मॉर्गन सन्माननीय ठरला. पुढच्या पिढीतले चाचे इंग्रजांचीच जहाजं लुटायला लागले, तेव्हा त्यांना फासावर चढवायला सुरुवात झाली.

नोव्हेंबर 1718 मध्ये ब्लॅकबिअर्ड हा कुप्रसिद्ध चाचा अमेरिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला. त्याच महिन्यात मुंबईचं इंग्रज आरमार कान्होजींच्या खांदेरी बेटावर चालून आलं होतं. ब्लॅकबिअर्डच्या मागं कुठलंही राज्य नव्हतं. कान्होजींकडे किल्ले होते, महसूल होता, स्वतःचं नाणं होतं आणि डोक्यावर छत्रपती होते. तरी इंग्रजांनी दोघांनाही एकाच मापानं मोजलं.

योगायोग असा, की जमैकात जन्मलेला जेम्स प्लांटेन नावाचा एक खराखुरा चाचा मादागास्करहून पळून आंग्र्यांच्या आश्रयाला आल्याची नोंद क्लेमंट डाउनिंग या इंग्रज खलाशानं करून ठेवली आहे. कान्होजींच्या पदरी युरोपीय गोलंदाज होते. काम येणाऱ्या माणसाची जात किंवा देश ते फारसा बघत नसत.

सातारा की कोल्हापूर?

समुद्रावर हे चालू असताना जमिनीवर मराठी राज्य दुभंगलं होतं. 1707 मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटले. गादी त्यांची की ताराबाईंच्या मुलाची, यावरून सरदारांत दोन तट पडले.

इथं वऱ्हाडचा संबंध येतो. शाहू महाराजांच्या बाजूनं सुरुवातीलाच जे मोठे सरदार उभे राहिले, त्यांत वऱ्हाडात अंमल असलेले परसोजी भोसले होते. शाहू खरे की तोतया, ही शंका मिटवायला परसोजी त्यांच्या ताटात जेवले असं सांगतात. पुढे नागपूरचं राज्य उभारणारं भोसले घराणं ते हेच. कान्होजी मात्र ताराबाईंच्या बाजूनं राहिले.

1713 मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. झालं उलटंच. कान्होजींनी पेशव्यांनाच पकडून कैदेत टाकलं आणि लोहगडासारखे घाटावरचे किल्ले घेतले. साताऱ्यावर संकट आलं.

तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवा केलं. हा माणूस श्रीवर्धनचा, म्हणजे कोकणातलाच. दोघांनाही सिद्दीचा जाच माहीत होता. लढाई करण्यापेक्षा बाळाजींनी बोलणी केली. 1714 च्या तहात कान्होजींनी शाहू महाराजांना धनी मानलं, पिंगळ्यांना सोडलं आणि घाटावरचे किल्ले परत केले. बदल्यात दहा किल्ले, सोळा छोटी ठाणी, सरखेलपद आणि आरमार त्यांच्याकडे कायम राहिलं.

कोकण वाचलं ते या तहानं. यातली एक ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेशवे आणि आंग्रे एक असतील तर किनारा सुरक्षित. पुढे हे एकपण तुटलं, तेव्हा काय झालं ते शेवटी येईलच.

इंग्रजांच्या चार मोहिमा

भांडण चिघळलं ते 1712 मध्ये. मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका आणि तिच्याबरोबरचं एक जहाज कान्होजींच्या आरमारानं गाठलं. या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला आणि त्याची गरोदर पत्नी कैद झाली. 30,000 रुपये घेऊन तिला सोडण्यात आलं. नवरा डोळ्यांदेखत गेलेली एक तरुण बाई काही महिने परक्या किल्ल्यात कैदेत होती. हीही या इतिहासाची बाजू आहे आणि मुंबईच्या इंग्रजांत कान्होजींची दहशत बसली ती अशा घटनांमुळे.

1715 च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्यानं दोनच ध्यास घेतले. मुंबईला तटबंदी आणि आंग्र्यांचा नायनाट. त्यानं लढाऊ जहाजांचा नवा ताफा बांधून घेतला.

1717 मध्ये हा ताफा विजयदुर्गावर गेला आणि मार खाऊन परतला. 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तोही फसला. 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी खास तरंगता तोफखाना बांधून नेला होता, त्याचाही काही उपयोग झाला नाही.

या अपयशांचा राग निघाला तो भलत्याच माणसावर. मुंबईतले श्रीमंत सारस्वत व्यापारी रामा कामत यांच्यावर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून 1720 मध्ये खटला चालवला गेला. वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा उभं करणारे ते हेच. मालमत्ता जप्त झाली आणि त्यांचा शेवट कैदेतच झाला. ज्या पत्रावर शिक्षा झाली ते बनावट होतं, हे नंतर उघड झालं.

1721 मध्ये सगळ्यात मोठी मोहीम निघाली. इंग्लंडहून चाच्यांचा बंदोबस्त करायला आलेला कमोडोर मॅथ्यूज, मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एकत्र आले. सुमारे साडेसहा हजारांची फौज कुलाब्यावर चालून गेली. इकडून कान्होजींच्या मदतीला तरुण पेशवा बाजीराव घोडदळ घेऊन उतरला. मराठी घोडेस्वारांच्या हल्ल्यात खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत भाला लागला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांवर खापर फोडायला लागले. जानेवारी 1722 मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत परतले.

1724 मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावून बघितलं. तेही रिकामे गेले.

हे जमलं कसं?

कान्होजींकडे इंग्रजांसारखी अवाढव्य जहाजं नव्हती. त्यांचा भर गुराब आणि गलबतांवर होता. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, उथळ बुडाचं, पुढं लांब निमुळतं नाळ असलेलं जहाज. नाळेवर तोफा. गलबत त्याहून छोटं, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारं.

वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागीच थांबायचं. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना असायच्या. आंग्र्यांची गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून आणायची आणि जहाजाच्या मागच्या बाजूला उभी करायची, जिथं तोफा सर्वांत कमी. तिथून शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या. जहाज पांगळं झालं की चहूबाजूंनी माणसं वर चढायची. डाव अंगाशी आला तर उथळ खाडीत शिरायचं, जिथं मोठं जहाज पाठलाग करूच शकत नाही.

विजयदुर्गाची जागा तर यासाठीच घडवल्यासारखी. वाघोटण खाडीच्या तोंडाशी किल्ला आणि आत गिर्ये गावाजवळ जहाजं दुरुस्त करायची गोदी. तिचे अवशेष आजही दिसतात.

किल्ल्यांच्या मागं एक राज्यही उभं राहत होतं. अलिबागची वसाहत कान्होजींच्या काळात वाढली. 1720 मध्ये त्यांनी तिथं काळ्या दगडांचा हिराकोट बांधला, तो खजिना ठेवायला. अलिबागी रुपया या नावानं त्यांचं चांदीचं नाणं चालायचं. भात, मीठ, नारळ आणि समुद्रावरची जकात, यांवर हे सगळं उभं होतं.

मुंबईचा पुढचा गव्हर्नर फिप्स यानं कान्होजींना लुटारूपणाबद्दल दूषणं देणारं पत्र लिहिलं होतं. कान्होजींच्या उत्तराचा मतितार्थ असा, की दुसऱ्याच्या मालावर नजर ठेवण्यात कुठलंच राज्य मागं नाही, कंपनीही नाही, तेव्हा उपदेश नको.

अखेर आणि त्यानंतर

4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले. पावसाळा होता, आरमार किनाऱ्याला लागलेलं होतं. अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे. जिवंतपणी त्यांचा एकही मोठा सागरी किल्ला कुणाला जिंकून घेता आला नाही.

पण त्यांच्या मागं घर टिकलं नाही. थोरला सेखोजी कर्तबगार होता, तो 1733 मध्येच गेला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणीवरून भांडण लागलं. पेशव्यांनी ते मिटवताना दौलतीचे दोन भाग केले. कुलाबा एकाकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग दुसऱ्याकडे. पुढे विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तो पेशव्यांना जुमानेना आणि कोकणातल्या मराठी मुलखालाही त्रास देऊ लागला.

शेवटी नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या ताफ्यानं विजयदुर्गावर मारा केला आणि खाडीत उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजीचा उरलेला जन्म पेशव्यांच्या कैदेत गेला. 1714 च्या तहानं जे जोडलं होतं, ते 42 वर्षांनी आपल्याच हातानं मोडलं. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तसं आव्हान पुन्हा कुणी दिलं नाही. कुलाब्याची गादी तेवढी उरली होती, ती 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केली.

आज मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे द्वीप म्हणतात. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. ज्या खांदेरीवर 1718 मध्ये इंग्रजांच्या तोफा फेल गेल्या, तिथं 1867 पासून दीपगृह आहे आणि मुंबई बंदरात ये-जा करणारी जहाजं त्याच्या उजेडावर वाट ओळखतात.

वऱ्हाडातून परदेशी निघालेला कापूस उरणच्या जेएनपीटी बंदरात जहाजावर चढतो, तेव्हा तोही बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटाजवळूनच पुढे जातो. फक्त आता त्याला दस्तक लागत नाही.